देवाच्या फळीवरचा डबा

प्रताप नगरच्या चक्कीवर दळणाच्या रांगेत माझ्यापुढं दोघी शेजारणी होत्या. चक्कीच्या घरघरीत त्यांना मोठ्यानंच बोलावं लागत होतं.

“जयवंताबाई, रात्रीचं खानं सुटलं का तुमच्या घरचं?”

“कायचं सुटते वं, प्रेमिला. डॉक्टर म्हणे, जेवण झाल्यावर दोघांनीही तोंड बंद ठेवा. पण यायले रात्री उठून डिंकाचा लाडू पाहिजेच. डबा माळ्यावर लपवला, सापडला. गव्हाच्या कोठीत पुरला, तिथूनही काढला.”

“मग?”

“मग मी तो देवाच्या फळीवर ठेवला. आंग धुतल्याबिगर त्या फळीले आमच्या घरी कोनी हात लावत नाही. आन् या थंडीत रात्री कोन आंग धुते?”

“मस्त डोकं चालवलं वं माय.”

“ऐक तर खरं. काल मधरात्री न्हाणीत बदाबदा पानी पडून राहिलं. पाहतो तं काय, हे थंड पान्यानं आंग धुऊन राहिले. दात कडकड वाजून राहिले, आन् तोंडानं देवाचं नाव चालू.”

“लाडवासाठी?”

“लाडवासाठी. ओल्या पंच्यानं बाहेर आले आन् मले पाहून जागच्या जागी उभे राहिले.”

“मंग चांगलं झापलं असन तुम्ही.”

“झापाले मले तोंड कुठं होतं?”

“काहून?”

“मी गरम पान्याची बाल्टी घेऊन दारात उभी होती न. हे निघाले की माहाच नंबर होता.”