अपडेट सगळ्यायले पाठवू का?

दोष खुशालरावचा. नाव घेऊनच सांगतो, मांगून कोणी म्हणाले नको का पोट्टं आडून आडून बोललं. खुशालराव म्हंजे माह्ये मोठेबाबा, बाबाचे थोरले भाऊ, रिटायर हेडमास्तर, अमरावतीत साईनगरले घर, घरावर पाटी, पाटीवर तीन डिग्र्या. माह्याजवळ एकही नाई. मी शिवम, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाले कॉलेज सोडलं, अन् तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यायले पाणी द्याच्या आधी माह्यी ओळख देतात, "हा शिवम, यानं सोडलं." काय सोडलं, काहून सोडलं, कोणी विचारत नाई. सोडलं म्हंजे सोडलं.

तं मोठेबाबा आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे अध्यक्ष. कमिटीत चौतीस जण, सतरा अमरावतीचे, सतरा अकोल्याचे, अन् त्यातला सगळ्यात जवान माणूस एकसष्ट वर्षाचा. आधी बैठक असली का मोठेबाबा फोन लावत, "या जी रविवारी," संपला विषय. मंग दिवाळीले प्राजक्ता आली. मोठेबाबाची पोरगी, पुण्याले कंपनीत आहे. चार दिवस राहिली, चकल्या खाल्ल्या, अन् जाता जाता म्हणे, "बाबा, इतके फोन काहून करता, मेलातून कॅलेंडरचं इन्व्हाइट पाठवा ना, एक बटन." थे गेली पुण्याले. बटन राहिलं माह्याजवळ.

चौतीस जणायचे मेल आयडी जमवाले मले नऊ दिवस लागले, अर्ध्यायचे आयडी सुनेच्या नावाचे निघाले. अन् मीटिंग बनवली माह्याच मेलवरून, कारण मोठेबाबा पासवर्ड विसरतात, अन् विसरले का म्हणतात पासवर्ड खराब झाला.

आता त्या कॅलेंडरची गंमत तुमाले सांगतो. मीटिंगमधलं एक अक्षर जरी बदललं ना, तं सेव्ह करताना थे विचारते, हा बदल सगळ्यायले कळवू, फक्त नवीन माणसाले कळवू, का कोणालेच नाई? साधा सवाल आहे. वेळ बदलली, कळवा. स्वल्पविराम लावला, चूप बसा. पण माह्या मांगं मोठेबाबा खुर्ची टाकून बसलेले, चष्मा कपाळावर, अन् बोट थेट माह्या स्क्रीनवर... "पाठव बाप्पा सगळ्यायले. कोनी रुसाले नको."

पहिला अपडेट, "बैठक" खोडून "सभा" केली. पाठव बाप्पा. दुसरा, "सभा" खोडून "विचारविनिमय सभा" केली, कारण निरा सभा, म्हंजे नुसती सभा, म्हटलं तं भांडण वाटते. पाठव बाप्पा. तिसरा, जागा अमरावती. चौथा, अकोल्याचे म्हणे आमीच काहून दरवेळी याव, तं जागा अकोला. पाचवा, अमरावतीचे म्हणे मंग आमी काहून जाव, तं जागा मूर्तिजापूर, म्हंजे दोघायलेही सारखंच गैरसोयीचं. याले आमच्याकडं समेट म्हणतात. अन् प्रत्येक मेल गेल्यावर मोठेबाबा काय करत? फोन लावत. चौतीस जणायले. "हॅलो, मेल पाठवला जी, पाहून घ्या." मी म्हटलं, मोठेबाबा, फोन कराचाच आहे तं मेल कशाले? तं म्हणे, "पाठवला हे सांगाव लागते ना लेका." स्वयंपाकघरातून जमुना मोठीआई बोलली, "आधी एक काम होतं, आता दोन झाले. शिकलेली पोरगी आहे माह्यी."

तुमी म्हणाल, शिवम, तू गुपचूप नाई पाठवाचं दाबाचं होतं. दाबलं ना. एकदा दाबलं. त्याचंच तं सांगून राहिलो.

झालं असं का मीटिंगच्या पत्रिकेत "सभेनंतर नाश्ता" असं होतं. मोठेबाबा म्हणे, "चहा-नाश्ता कर." त्याच दिवशी बडनेऱ्याचे, म्हंजे अमरावतीकडचेच, मनोजकाका कमिटीत नवीन घेतले. मी चहा टाकला, मनोजकाकाचं नाव टाकलं, अन् मोठेबाबा जरासे अंगणात गेले तेवढ्यात दाबलं, फक्त नवीन माणसाले कळवा. एका चहासाठी चौतीस घरी घंटी कशाले वाजवाची? आता हे मनोजकाका दुसऱ्याच दिवशी एका लग्नात भेटले सुखदेवराव गावंडेले. हे सुखदेवराव म्हंजे अकोला शाखेचे प्रमुख, जे रुसासाठीच जन्माले आले. दोघायनं मोबाईल जोडीनं धरून पाहिले. मनोजकाकाच्या मोबाईलात चहा-नाश्ता. सुखदेवरावच्या मोबाईलात निरा नाश्ता.

संध्याकाळी मोठेबाबाले फोन. "खुशालराव, अमरावतीवाल्यायले चहा अन् अकोलेवाल्यायनं काय कोरडं खाव का? तसं सांगा जी, आमी घरून थर्मास आनू." अन् अर्ध्या तासात अकोल्याच्या सतराच्या सतरा जणायचं "नाही" माह्या मेलात. मोठेबाबा दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोल्याले गेले, सुखदेवरावच्या घरी दोन तास बसले, तिथं चहाच पिऊन आले, अन् घरी येऊन मले फक्त एवढं म्हणे, "पाहिलं? एका मानसाले सांगतलं नाई का असं होते. यानंतर काना-मात्रा बदलली तरी सगळ्यायले. कोनी रुसाले नको."

बरं, पाठवणं माह्या हातात, पण उत्तरं? थे बी माह्याच मेलात, कारण मीटिंग माह्या नावानं. होय, नाही, कदाचित, असे तीन बटन येतात. आमच्या वऱ्हाडात बोलावणं आलं तं तोंडावर नाई म्हणाची पद्धत नाई, रुसल्यावरची गोष्ट अलग, म्हणून एरवी सगळे "कदाचित" दाबतात. अन् विठ्ठलराव धर्माळे, वय ब्याऐंशी, थे तिन्ही दाबतात. ओळीनं. मी विचारलं, आबाजी, तिन्ही काहून? म्हणे, "तिन्ही देल्ले आहेत तं सोडाचे कशाले?" प्रत्येक दाबण्याचा एक मेल. तुमी हिशोब नका करू, मी केला, मले ताप आला.

माह्या खिशातला मोबाईल थांबेच ना. माह्या दोस्त दानिशचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथं बसलो तं गिऱ्हाईक माह्याकडं पाहे. दानिश म्हणे, "अबे शिवम, ये फोन है या पॉपकॉर्न की मशीन?"

आता खरी गोष्ट. ह्या सगळ्या तमाशात मले एक मुलाखत आली होती. नागपूरची कंपनी. तेवीस ठिकाणी अर्ज केले, बावीस जणायनं डिग्री विचारली, ह्या एकानं नाई विचारली. काम काय, तं त्यायच्या ग्राहकायच्या मीटिंगा लावणं, वेळा सांभाळणं, बदल झाला तं कळवणं. अन् मले बोलावलं कशावरून? मी अर्जात अनुभव लिहिला होता, "चौतीस सभासदांच्या बैठकींचं ऑनलाइन नियोजन." म्हंजे पाहा, आयुष्यात पहिल्यांदा मोठेबाबा माह्या कामी आले होते. सोमवारी कंपनीतल्या ज्योत्स्ना मॅडमचं इन्व्हाइट आलं, गुरुवार, दुपारी चार, व्हिडिओवर. मी होय दाबलं. एकदाच. नोकरी लागली का घरातल्या त्या "यानं सोडलं"ले तोंडावर उत्तर होतं माह्याजवळ. बाकी मले काहीच नको होतं.

मंगळवारी दानिशच्या दुकानात मी रडकुंडीले आलो. त्यानं माह्या मेलात नियम लावून देल्ला. "देख, जिस मेल में मीटिंग का लफडा है, सीधा अलग डब्बे में. ना घंटी, ना झंडी. कॅलेंडर की भी बोलती बंद." दोष दानिशचा नाई हो. त्यानं मले दीड दिवस झोपू देल्लं. असा सन्नाटा मी कॉलेज सोडल्यापासून ऐकला नवता.

गुरुवारी सकाळी शर्ट इस्त्री केला, मुलाखत चारले, म्हणून अकरा वाजता मोठेबाबाकडं गेलो, कारण त्यायचा निरोप होता, "पाच मिनिटाचं काम आहे." मोठेबाबाचं पाच मिनिटाचं काम म्हंजे... तुमच्याही घरी कोणी असन, तुमाले माहीत आहे. सुखदेवरावचा फोन आला होता. मीटिंगमधल्या सभासदायच्या यादीत मोठेबाबाच्या नावामांगं "मा." आहे, माननीय, अन् सुखदेवरावच्या नावामांगं "श्री." आहे. फोनवर म्हणे, "आमी काय मान नसलेले आहोत का जी?" मी म्हटलं, लावून देतो, एक मिनिट. लावलं. तं मोठेबाबा म्हणे, "थांब. त्यायले लावलं अन् विठ्ठलरावले नाई? ब्याऐंशीचा मानूस आहे." लावलं. "मनोजले?" मी म्हटलं, मनोजकाका मागच्याच महिन्यात आले, थे काहून माननीय? तं म्हणे, "नवा मानूस लवकर रुसते."

चौतीसच्या चौतीस जणायले मा. लावलं. मंग मोठेबाबाले वाटलं का यादी वयानं असाव. मंग दोघायचं वय सारखं निघालं, तं त्यायले फोन लावून जन्मतारीख विचारली. मंग सेव्ह. मंग तोच सवाल, सगळ्यायले कळवू का? मंग तुमाले माहीत आहे.

"पाठव बाप्पा सगळ्यायले. कोनी रुसाले नको."

एकोणिसावा अपडेट. गेला. घड्याळात पावणेबारा वाजले होते, मी मुद्दाम पाहिलं, कारण चारले मुलाखत होती ना.

चारले मी घरी लॅपटॉपसमोर बसलो. मांगं देवाचं कॅलेंडर होतं थे काढलं, आईले मिक्सर लावू देल्ला नाई. चार वाजले, कोणी नाई. चार दहा, कोणी नाई. मी केस पुन्हा विंचरले. चार वीसले मेल केला, मॅडम, मी वाट पाहून राहिलो. पाच मिनिटात उत्तर. इतक्या सभ्य भाषेत मले आजवर कोणी हाणलं नाई. मॅडमनं लिहिलं होतं, "आपली मुलाखत आज सकाळी साडेअकरा वाजता ठेवण्यात आली होती. बदलाची सूचना काल संध्याकाळीच पाठवली होती. पॅनेल बारा मिनिटं थांबलं. या पदावरचं मुख्य काम मीटिंगच्या वेळेतले बदल सांभाळणं हेच असल्यामुळं आम्ही पुढं विचार करू शकत नाही."

मी तो दानिशवाला डब्बा उघडला. एकशे अठ्ठ्याण्णव मेल. कदाचित, कदाचित, कदाचित, विठ्ठलराव, विठ्ठलराव, विठ्ठलराव, अन् त्यायच्या मधात दबून बसलेला एक, नागपूरचा, वेळ बदलली आहे. त्याच्या खाली सुखदेवरावनं गुलाबाचं फूल पाठवलं होतं.

तसाच गेलो साईनगरले. मोठेबाबा झोपाळ्यावर बसून शेवटच्या सभासदाले फोन करून राहिले होते, "मेल पाठवला जी, मा. लावलं, पाहून घ्या." फोन ठेवला. मी सगळं सांगतलं, आवाज चढवूनच सांगतलं, लाज कोणाची धराव? त्यायनं चष्मा कपाळावरून डोळ्यावर घेतला, माह्याकडं पाहिलं, अन् अगदी शांतपणे, हेडमास्तर वर्गात बोलते तसे म्हणे, "मंग त्या बाईनं फोन कराव लागत होता ना. निरा मेल पाठवला म्हंजे बोलावनं झालं का? अशानं मानूस रुसते."

रविवारी मूर्तिजापूरले नऊ जण आले. बाकीच्यायले वाटलं, अजून एखादा अपडेट येईन.

साडेअकरा ते अकरा बेचाळीस, नागपूरचे लोक माह्यी वाट पाहत होते. त्या बारा मिनिटात मी चौतीस माणसायले माननीय केलं. माह्यी नोकरी गेली.