चपला घालूनच यावे

सुहाना : अब्बा, त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. बेंगळुरूहून आलेला माणूस, कंपनीसाठी अख्खी बिल्डिंग भाड्याने हवीये म्हणतो, आणि मीटिंग संपेपर्यंत एक पाय दुसऱ्या पायाखाली लपवत बसला.

युसूफ : मग? अंगठा सगळ्यांनाच असतो.

सुहाना : पण बूट काढायला त्यांना सांगितलं कोणी?

युसूफ : कोणी नाही. दारात आपल्या चपलांची रांग दिसली, त्यांनी काढले. सगळे असंच करतात.

सुहाना : तेच तर म्हणतेय. मध्ये एका बाईंनी मला हळूच विचारलं, आत दर्गा आहे का? आपण लोकांना ऑफिसं, शोरूम, गोडाऊन शोधून देतो, आणि आपल्याच ऑफिसात सगळे अनवाणी. म्हणून आज पाटी लावली.

युसूफ : वाचली. 'कृपया चपला-बूट घालूनच आत यावे.' पुण्यात एखादी पाटी कसली तरी मोकळीक देतेय, हे या वयात पहिल्यांदा पाहिलं.

सुहाना : चेष्टा नको हं.

युसूफ : चेष्टा कसली? पाटी लावणारी स्वतः अनवाणी बसली आहे, तेवढं फक्त दिसलं.

सुहाना : सकाळी सँडल घालूनच आत आले होते. नाही जमलं. शाळेपासून या फरशीवर अनवाणी फिरलेय ना. पण मार्चमध्ये ऑफिस खराडीला न्यायचंच आहे, तर सवय लावून घेऊ. ही जागा सोडतोय हे संपतकाकांना सांगितलंत?

युसूफ : सांगणार आहे.

सुहाना : दिवाळीपासून सांगणारच आहात.

युसूफ : सुहाना, जन्मभर मी लोकांना सांगत आलो, जागेत जीव गुंतवू नका, जागा म्हणजे रस्ता, पार्किंग आणि भाडं. त्यावरच पोट भरलं. पण त्या माणसापुढे हे म्हणायला जीभ उचलत नाही. खडकीचं दुकान बंद करून मी या धंद्यात आलो, तेव्हा माझं नाव ऐकलं की जागामालक म्हणायचे, विचार करून कळवतो. संपतरावांनी नाव विचारलं, चहा पाजला आणि किल्ली हातात ठेवली.

सुहाना : माहीत आहे, अब्बा. मलाही वाईट वाटतंय. पण आपले सगळे क्लायंट तिकडे. इथे नवीन मुलगी कामाला घेतली, तर तिला खुर्ची ठेवायला जागा नाही. मी हे वाढवायचं की नाही?

युसूफ : वाढव ना. मी नको कुठे म्हणतोय? थांब, दारात कोण उभं आहे? संपतराव? अहो, बाहेर काय थांबलात, आत या.

संपत : ऱ्हाऊ द्या, हितंच बरा हाय मी. पातेलंभर हुरडा आणलाय. वाघोलीच्या पल्याड मेव्हण्याचं रान हाय, तिथली कणसं. गच्चीवर घमेल्यात विस्तव करून भाजली. सून म्हणली, मामंजी, आता लोक बंब बोलावत्यात. धरा, गरम हाय तवर घ्या.

युसूफ : असा दारातून कुठे देता?

संपत : पाटी वाचली मी. चपला घालून या म्हणती, ते मला जमायचं न्हाई. आन् तुमची पाटी मोडून आत शिरायचं, तेबी बरं दिसत न्हाई.

सुहाना : काका, ती तुमच्यासाठी नाहीये. क्लायंट लोकांसाठी आहे.

संपत : तसं लिहिलं न्हाई तिच्यावर.

युसूफ : संपतराव, आता तरी तुम्ही या चपलांच्या नियमातून मोकळे व्हा. पहिल्या महिन्यात तुम्ही इथे आलात, दारात चपला काढल्यात, आणि मी मात्र आत बूट घालून बसलेलो. मनात लाजलो. म्हटलं, हा माणूस आपल्या कुराणातल्या आयतीचा एवढा मान ठेवतो, आणि आपण? तेव्हापासून मीही बूट बाहेर काढायला लागलो.

संपत : कुठली आयत?

युसूफ : ही काय, माझ्या डोक्यावरची. फ्रेममधली.

संपत : ती व्हय. मला वाटलं, तुमच्या कंपनीचं नाव हाय.

सुहाना : मग काका, तुम्ही चपला कशासाठी काढत होतात?

संपत : हे खळं हाय, पोरी.

सुहाना : खळं म्हणजे?

संपत : मळणीची जागा. ही इमारत उठायच्या आधी आमची ज्वारी हितं मळायची. तुझा बा बसतो ना, बरुबर तिथं मधला खांब. त्याला बांधलेले बैल कणसांवरनं गोल गोल फिरायचे. आई सारी जमीन शेणानं सारवायची. एकदा सारवलं, की माझा आजाबी पायताण बांधावर काढून यायचा. आता रान गेलं, वर फरशी आली. पण पायांना कुणी सांगायचं? आन् पुढल्या खेपेला बघतो तर युसूफभाईंचेबी बूट दाराभायेर. घरी जाऊन मंडळीला म्हणलं, भाडेकरू लाखात एक मिळाला, खळ्याचा मान ठेवतो.

युसूफ : मला खळ्याचं कोणीच सांगितलं नव्हतं.

संपत : आज कळलं ते.

सुहाना : म्हणजे तुम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांकडे बघून...

युसूफ : आणि विचारलं मात्र कोणी नाही.

संपत : असलं काय विचारायचं? चांगलं चाललं व्हतं की.

(सुहाना उठून दारातल्या पाटीपाशी जाते.)

युसूफ : संपतराव, आम्ही जागा सोडतोय. मार्चमध्ये. खराडीला चाललो.

संपत : ठावं हाय.

युसूफ : कोणी सांगितलं?

संपत : पाटीनं. दारात आलो, वाचली, तवाच म्हणलं, पोरीचा पाय हितनं उचलला.

सुहाना : काका, रागावलात माझ्यावर?

संपत : खळ्यावर रास कायमची ठेवत्यात व्हय? मळायचं, वाऱ्यावर उफणायचं, पोती भरायची आन् घरी न्यायची. तुमचं पीक पिकलं, तुम्ही न्या. मला थोडं वाईट वाटंल. वाटू दे, ते माझं मी बघंन. एक काम मात्र कर.

सुहाना : सांगा ना.

संपत : पोरगा म्हणतो, कुणीबी चालंल, भाडं देणारा आणा. तू बघून आण. तुमचा धंदाच हाय त्यो. आन् ते चपलांचं करारात लिहिता येतं का?

सुहाना : नाही, काका. करारात लिहिलं, की लोक त्यातून वाट शोधतात.

संपत : मग कसं व्हायचं?

सुहाना : किल्ली द्यायच्या दिवशी मी येईन त्यांच्याबरोबर. बोलणार काहीच नाही. दारात चपला काढेन आणि आत जाईन. अब्बांचं झालं, तसं त्यांचंही होईल.

युसूफ : मोजे तेवढे बघून घाल.

संपत : काढलीस का पाटी? आण हिकडं, पातेल्याखाली धरायला झाली. आता सरक जरा, आत येऊ दे मला. हुरडा अजून ऊन हाय.