एकाच नावाची दोन कार्डं

मी, ओंग पेक हून, वय ३८, धंदा संगणकावर ॲनिमेशन फिल्म करणे, राहणार आयेर इताम, पेनांग, आज शनिवारी ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी व माझा भागीदार झुल्हिल्मी बिन रोस्ली (यापुढे हिल्मी) असे दोघे मिळून छोटा स्टुडिओ चालवतो. सध्या एका कोळ्याच्या मुलीवर फिल्म करत आहोत. फिल्मच्या प्रत्येक चौकटीतला प्रकाश आणि सावली संगणकाला रंगवावी लागते व ते काम ग्राफिक्स कार्ड करतं. त्यासाठी आम्ही रमजानच्या आधी जॉर्जटाउनच्या कॉम्प्युटर आर्केडमधून श्री. येओह काह सेंग यांच्या दुकानातून दोन कार्डं घेतली. दोन्हींचं नाव एक, खोका एक, मेमरी बारा-बारा जीबी. एक माझ्या मशीनमध्ये बसवलं, दुसरं हिल्मीच्या. बसवण्याचं काम हिल्मीनं केलं.

श्री. येओह यांना आर्केडमध्ये सगळे अंकल म्हणतात. हिल्मीनं शाळा सोडली तेव्हा त्याला कुणी कामावर ठेवत नव्हतं. अंकलनी ठेवलं. स्क्रू कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं, असं तो सांगतो.

माझ्या मशीनवर होडीच्या प्रसंगातली एक चौकट कॉफी ढवळेपर्यंत तयार होत असे. हिल्मीची कॉफी निवली तरी चालूच. मी कारण विचारलं.

"माझ्याकडं खिडकीतनं ऊन येतं. कार्ड तापतं."

मी पडदा लावला. फरक पडला नाही. "धूळ असेल," म्हणाला. मी धूळ काढली. कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुना असेल म्हणाला, तर तोही नवा घातला. मग म्हणाला, "तुला दुसरं काही काम नाही का गं?" काम होतं. पण दोन सारख्या वस्तू वेगळ्या वागायला लागल्या की का ते कळेपर्यंत मला चैन पडत नाही. हा माझा स्वभाव आहे असं लिहावं.

काल शुक्रवारी दुपारी हिल्मी नमाजाला गेला असताना मी दोन्ही कार्डांची अदलाबदल केली. सुस्ती त्याच्या मशीनमधून निघून माझ्या मशीनमध्ये आली. म्हणजे ऊन, धूळ, ड्रायव्हर सगळं निर्दोष. कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडला, तर दोन्हीकडे तंतोतंत सारखे आकडे. मग मासळीबाजाराचा प्रसंग लावला. त्यात माणसं, टोपल्या, मासे अशी गर्दी असल्यामुळे मेमरी भरत जाते. सहा जीबीपर्यंत दोन्ही कार्डं चालली. त्यापुढे एकानं बाजार रंगवला. दुसऱ्यानं काळे चौकोन काढले आणि मशीन बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या वेळी मला आनंद झाला होता, हे लपवत नाही.

जबाब लिहून घेणारे सार्जंट अझ्लान यांनी इथं विचारलं की कार्ड स्वतःबद्दल खोटं कसं सांगेल. त्यावर सांगते की कार्डात एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो विचारल्यावर नावगाव सांगतो. तो बदलला की जुनं कार्डही नव्याचं नाव लावतं. कामाला जुंपल्यावरच उघडं पडतं. सार्जंट म्हणाले, "आमच्या साहेबांसारखंच." हे वाक्य माझं नाही.

हिल्मीला काही न सांगता मी आज सकाळी दोन्ही कार्डं घेऊन दुकानात गेले. म्हटलं, "अंकल, यातलं एक खोटं आहे."

"तीस वर्षं बसलोय इथं, पोरी. माझ्याकडं खोटी कार्डं येत नाहीत, खोटी गिऱ्हाइकं येतात."

आजूबाजूचे हसले. अंकलनी दोन्ही कार्डं स्वतःच्या मशीनला लावली आणि सगळ्यांना बोलावलं. "वाचा रे मोठ्यानं! किती?" लोक म्हणाले, बारा आणि बारा. मग मी मासळीबाजार लावला. काळे चौकोन आल्यावर हसणं थांबलं.

अंकल म्हणाले, "घरी बदललंस. जुनं भंगार माझ्या गळ्यात मारायला आलीस," आणि त्यांनी पोलिसांना फोन केला. शेजारची मोबाइल कव्हरवाली आंटी म्हणाली, "चेहऱ्यावरनं वाटत नाही हो." दोघांनी माझं मोबाइलवर चित्रण केलं. त्या आर्केडमध्ये मला सगळे ओळखतात.

एवढ्यात हिल्मी आला. स्टुडिओत कार्डं नाहीत हे बघून तो समजला होता. म्हणाला, "तिनं काही बदललेलं नाही, अंकल. मागच्या स्क्रूवर तुमचं सील आहे. फाटलेलं नाही."

अंकलनी कार्ड उलटं केलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, दिव्याकडे तिरकं केलं, मग अंगठ्यानं चाचपलं. शेवटी काउंटरवर ठेवून म्हणाले, "काय लिहिलंय?"

सीलवर त्यांचंच नाव होतं. मी उभी होते तिथून ते वाचता येत होतं.

हिल्मी म्हणाला, "येओह."

अंकलनी स्वतः सील फाडलं आणि कार्ड उघडलं. स्क्रू काढताना त्यांना बघावं लागलं नाही. चिपवरचा राखाडी लेप पुसून ती माझ्यापुढे केली. "आकडा तू वाच." मी वाचला. तो तीन पिढ्या जुन्या चिपचा आकडा होता.

"तुला कधी कळलं?" त्यांनी हिल्मीला विचारलं.

"घेतली त्याच दिवशी. दोन्ही लावून बघितली होती. चांगलं हिच्या मशीनमध्ये घातलं."

"ते नाही विचारत. मला का नाही सांगितलंस?"

"गेल्या वर्षापासून तुम्ही खोक्यावरचं माझ्याकडनं वाचून घेता, अंकल. चष्मा विसरलो म्हणता. इथं कळलं असतं तर कुणी तुमच्याकडनं माल घेतला असता?"

"म्हणून बाकीच्यांना घेऊ दिलास?"

हिल्मी काउंटरवरचे सीलचे तुकडे गोळा करायला लागला. आपलं काम मागं पडलेलं दिसू नये म्हणून तो रोज माझ्या आधी येऊन मशीन सुरू करायचा, हे मला तेव्हा कळलं.

अंकलनी सांगितलं की हा माल व्हॅनमधून येणारा एक नवा इसम देतो. त्याचं वर्णन ते स्वतः देणार आहेत. त्यांनी फळीवरचे उरलेले खोके खाली काढायला लावले आणि हिल्मीला म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी नेलं, त्यांना फोन लाव. बोलतो मी." पहिला फोन चालू असतानाच आपले शिपाई आले. शटर हिल्मीवर सोपवून अंकल आपणहून माझ्याबरोबर ठाण्यात आले.

माझी तक्रार माल पुरवणाऱ्या इसमाविरुद्ध आहे. श्री. येओह यांचं नाव जबाबात घेऊ नये, असं मी सार्जंटना सांगत असताना ते शेजारच्या बाकावरून म्हणाले, "लिहा. विकलं मी."

मी म्हटलं, "अंकल, तुम्हाला माहीत नव्हतं."

"तेही लिहा. पण आधी विकलं ते लिहा."

त्याप्रमाणे लिहिलं आहे: श्री. येओह यांनी कार्ड विकलं. ते खोटं असल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

एकटं कार्ड बघून फरक कळत नसल्यानं दोन्ही कार्डं तपासणीसाठी जमा केली आहेत.

जबाब पुरा झाल्यावर सार्जंटनी तो मला वाचायला दिला. माझं म्हणणं जसंच्या तसं उतरलं आहे, म्हणून सही करते. सही करण्यापूर्वी श्री. येओह यांनी तो आपल्यालाही ऐकवावा असं म्हटलं. सार्जंटनी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवला. श्री. येओह यांच्या डोळ्यांचा भाग आला तेव्हा सार्जंट थांबले. श्री. येओह म्हणाले, "बरोबर आहे. पुढं वाचा."