रांगेच्या शेवटी कोण चालणार?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बालवर्गाच्या बाई आणि समोर बसलेले पालकहो,

भाषण कागदावर लिहून आणलंय, वाचूनच दाखवते. मी मुळातच घाबरट. लेकीला साधी शिंक आली तरी मी थर्मामीटर शोधते. घरात माझं नाव ‘धोक्याची घंटा’ आहे.

दर शनिवारी बाई चार-पाच वर्षांच्या मुलांना शाळेमागच्या टेकडीवर नेतात. मुलं पुढे, बाई सगळ्यांत मागे. वाटेला फाटा फुटला की कुठे वळायचं ते पुढचं मूल ठरवणार. आता सांगा, कुठल्या आईला झोप लागेल? टेकडी बंद करा, असा निनावी अर्ज शाळा समितीकडे गेला. कुणी लिहिला, यावर तुम्ही बराच खल केलात. तो मी लिहिला.

शिवाय पुरावा हवा म्हणून एका शनिवारी मी लपतछपत मागे गेले. दुसऱ्या फाट्यावर रांग दिसेनाशी झाली आणि मी भलत्याच वाटेला लागले. पायाखालचा मुरूम घसरायला लागला. तेवढ्यात वरून आवाज आला, “आई, तिकडून नको! लाल दगडाकडून ये. एक पाय पक्का ठेव, मग दुसरा उचल. बावीस पावलं आहेत, मी मोजलीत.”

घरी अंकांचा तक्ता समोर धरला तरी दहाच्या पुढे न सरकणारी माझी लेक! मी मोजत गेले. बावीसच भरली.

वर पोचले, तर बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. मी विचारलं, “तुम्हाला भीती नाही का हो वाटत?”

“दर शनिवारी वाटते,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर मागे चालते. माझा चेहरा मुलांना दिसत नाही.”

तरीही मी अर्ज मागे घेतला नाही. तो माझा आहे, हे सांगायची लाज वाटली. अध्यक्ष महोदय, सोमवारी तो बैठकीत येणार, आणि बाई नसताना मंजूरही होणार, या विचाराने आठवडाभर मला झोप नाही. तो मला परत द्या. मागे कोण चालणार, असं विचाराल, तर नव्या बाई येईपर्यंत मी चालेन. भीती वाटतेच आहे, आत्ताही. पण मुलांना माझा चेहरा दिसणार नाही.

बाई, तुमचे आभार कसे मानू? आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. शनिवारी तर घ्याच.