किरकोळ दुरुस्ती

"किरकोळ दुरुस्ती!"... असं लिहितं का हो कुणी? तुम्हीच सांगा! प्रोग्रामात हात घातला, एक ओळ टाकली, आणि शेजारी शेरा काय, तर 'किरकोळ दुरुस्ती'! अरे बाबा, काय बदललं ते दिसतंच आहे, का बदललं ते लिही की!

तुम्हाला सांगतो, त्र्याण्णव साल, मी जळगावात आमच्या केळी संघात कॉम्प्युटरवर होतो, कोणत्या गावाला कोणत्या दिवशी रेल्वेची वॅगन मिळणार त्याची पाळी लावणारा प्रोग्राम माझ्याकडे, एसीची खोली, चपला बाहेर, सगळा थाट... पण प्रोग्राम लिहिलेला माझ्या आधीच्या लोटनभाऊंनी, आणि त्यात एक ओळ अशी, की पिंपळखेड्याची पाळी मंगळवारी आली तर बुधवारवर ढकला. का? तर शेरा: 'किरकोळ दुरुस्ती'!

आमचे मॅनेजर रुपचंदसाहेब, नवे, नाशकाहून आलेले, त्यांच्या डोळ्यांत ती ओळ खुपली. "एकाच गावाला वेगळा नियम? काढून टाक रे वना, दोन मिनिटांचं काम!" म्हटलं, साहेब, कुणीतरी टाकलीय म्हणजे काहीतरी असेल, विचारून येतो. रजा टाकून पाचोऱ्याला लोटनभाऊंच्या घरी गेलो, कागद पुढं धरला, तर भाऊ चष्मा पुसतात, कागद उलटा करून बघतात, "हाई मी लिखेल शे?... माले काय याद ऱ्हास भाऊ, चार वरीस व्हई गयात! चहा ल्या." चहा! मी काय चहाला गेलो होतो?

परत आलो तर साहेब तयारच, "आठवत नाही ना त्यांना? मग काढ!" काढली. पण मीही काय ऐकतोय! शेऱ्यात नऊ ओळी ठोकल्या... ओळ काढली, ती का होती कुणालाच माहीत नाही, रुपचंदसाहेबांनी तोंडी सांगितलं, मी नको म्हणालो... तारीख, वेळ, खाली माझं नाव! साहेब हसले, "कॉम्प्युटर वाचतो का हे?" नाही वाचत! ओळीआधी फुली टाकली की कॉम्प्युटर ती सोडून देतो, ती माणसांसाठी असते. "माणसं तरी कुठं वाचतात? प्रोग्राम लिहितोस का कादंबरी?" म्हटलं साहेब, का बदललं ते लिहिणार, तुम्ही काहीही म्हणा.

मंगळवार उजाडला. पिंपळखेड्याच्या नावाच्या चार वॅगनी स्टेशनात उभ्या, आणि केळीचा एक घड नाही! मी सायकल हाणत त्या गावच्या उखर्डू मुकादमाकडं, केळी कापणारी टोळी त्याची, तर तो पिशवी घेऊन निघालेला, "मंगयवारी बजार असते आमचा, भो! बजाराच्या दिवशी कोन येते कापाले? लोटनभाऊले मीच सांगेल होतं!"

घ्या! 'मंगळवारी बाजार, टोळी येत नाही.' पाच शब्द हो, पाच! लिहिले असते तर बोटं झिजली असती? वॅगनी रिकाम्या गेल्या, बुधवारी पाळी दुसऱ्या गावाची, आणि पिंपळखेड्याच्या भागाबाईची तयार झालेली केळी बागेतच पिवळी पडली. वर्षभर पाणी दिलं होतं बाईनं. मला तर तिच्यासमोर उभं राहवेना.

मग कमिटी बसली. कुणी केलं हे? साहेबांचं बोट सरळ माझ्याकडं, "कॉम्प्युटर याच्या ताब्यात." नोकरी गेली म्हणजे खायचं काय? पण म्हटलं थांबा... कर्रर्र कर्रर्र प्रिंटर चालवला, आणि नऊच्या नऊ ओळी कमिटीपुढं खणखणीत वाचल्या, 'मी नको म्हणालो' तर दोनदा वाचलं! चेअरमन शालिग्रामआबा साहेबांकडं वळले, "आता काय म्हनता?" साहेब आपले पेनाचं टोपण घालताहेत, काढताहेत. आणि मी भर मीटिंगमध्ये ऐकवलं, काय बदललं ते दिसतं हो, का बदललं ते लिहायचं असतं!

ओळ परत टाकली, कारणासकट. नोकरीही राहिली. फक्त पंधरा दिवसांनी साहेबांच्या सहीचा कागद आला, वना पाटील यांची बदली, धुळे. बायको जळगावात, मी इथं धुळ्याच्या देवपुरात खोली घेऊन स्वतःच्या हातची कच्ची खिचडी खातोय... आणि तुम्हाला सांगतो, तो कागद मी चारदा वाचला, उलटा केला, उजेडात धरला, म्हटलं कारण कुठंतरी लिहिलं असेल ना? होतं की! 'प्रशासकीय कारणास्तव.'