गोदूचा पल्लो

(उल्हासनगर. किशनीच्या शिलाई कारखान्यावरची खोली. आत तिची सासू झोपली आहे. गोदूचा नवरा रघु आला आहे.)

किशनी : गोदू गेल्याचं कळलं, त्या दिवशी मी सगळ्या मशीनी बंद ठेवल्या, रघुभाऊ. तिची धागे कापायची जागा मी अजून कुणाला दिली नाय.

रघु : माहीत आहे. बेलवलीला आमच्या घरी येऊन बसलात, ते विसरलो नाही. आज एक विचारायचं होतं.

किशनी : बोलो ना. जरा हळू, आत अम्मा सोयी है.

रघु : शेवटी तापात गोदू एकच म्हणत होती. पल्लो राहिला, पल्लो आणा. मला वाटलं बरळते. परवा तिचं वर्षाचं पान ठेवायचं. म्हटलं, मागितलेलं पानावर असावं. बदलापूर, अंबरनाथ, दोन्ही बाजार पालथे घातले. कोळणी हसतात. पल्लो म्हणजे काय?

किशनी : मछली. आमच्या सिंधू नदीचा. अम्मा सांगते, समुद्रातून धारेच्या उलटा चढतो. नदीत पीराचं ठाणं आहे, तिथे सलाम करायला. तोवर काळा असतो. सलाम केला की चांदीचा होतो. परत येतानाही पीराला पाठ दाखवत नाही.

रघु : सिंधू तर तिकडेच राहिली.

किशनी : तेच तर. अम्मा लहानपणी निघून आली. पल्लोचं नाव काढून रडायची. गोदूने विचारलं, दिसतो कसा? अम्मा बोली, चपटा, पोटाला धार, काटेच काटे. गोदू मग एक दिवस डबा घेऊन आली. अम्माने घास तोंडात घेतला आणि विचारलं, हा इथेपण आला?

रघु : थांबा. हा तर भिंग.

किशनी : क्या?

रघु : भिंग. गोदूचा बाप खाडीत धरायचा. खवला उन्हात धरला की काचेसारखा, म्हणून भिंग, असं ती सांगायची. आणि फॅक्टरीत आमचा तेलुगू अप्पाराव म्हणायचा, त्यांच्याकडे समुद्रात असतो तोवर वलस, गोदावरीत चढला की पुलस. तोच हा. तुमच्या सिंधूत, त्यांच्या गोदावरीत, आमच्या खाडीत. एवढ्या नद्या, किशनीबाई. आणि मी बाजारात भिंगाच्या पाटीसमोर उभा राहून पल्लो विचारत होतो.

किशनी : दरवर्षी चालिहोचे चाळीस दिवसांचे उपास सुटले की आणायची. स्वतः नाही खायची. अम्माला काटे काढून द्यायची.

रघु : म्हणजे तिला खायचा नव्हता. इकडे आणायचा होता.

किशनी : उपास सुटलेत. अम्मा रोज विचारते, गोदू कुठाय. मी सांगते, गावाला गेलीय.

रघु : वर्षभर?

किशनी : हिंमत नाही झाली.

रघु : मेव्हणा अजून जाळं टाकतो, सुजित. दोन मागतो. एक पानावर, एक इथे. काटे मी काढीन, येतील तसे.

किशनी : अम्मा विचारेल, तुम्ही का आलात.

रघु : विचारेल. गोदू गेली, हे तिला सांगायचं राहिलंय.