वरातीची मोटार

कागलच्या एसटीची वाट बघत बाकावर बसलेल्या ताराक्कानं पाटी मांडीवर घेतली आणि कान शेजारच्या दोघांकडं लावला. त्यातल्या तरण्याचे हात कोपरापर्यंत तेलानं काळे होते.

"पिराजी, झाली व्हय रं दुरुस्त तुमची मोटार?"

"झाली की, तात्या! आज्ज्याची मालमोटार, कैक वर्सं हौद्यात कोंबड्या नांदत हुत्या. समदं इंजान खोललं, नवं पिस्टन बसवलं. आता चालू इंजनावर तांब्या ठेवा, थेंब सांडायचा न्हाय."

"मग भैणीची वरात मोटारीतनंच म्हण की!"

"आबांनी पावण्यांना शबुदच दिलाय तसा."

"मग तोंड का पाडलंयस?"

"इंजान ऐकून आबा लई खूश झालं. म्हणालं, असलं गुणाचं इंजान रस्त्यावर कशाला झिजवायचं? काढलं आन् बसवलं गुऱ्हाळावर. आता ऊस गाळतंय."

ताराक्काला राहवेना. "आगं बया! आन् वरात रं?"

"निघणार की, मावशे, मोटारीतनंच. घाण्याची बैलं मोकळी झाल्यात न्हवं? तीच जुपायची म्होरं."

"आन् तू काय करणार?"

"मी इष्टेरिंग धरून बसायचं. आबांनी बजावलंय, भोंगा तेवढा जोरात वाजव."